खुंट्यावरचा दुसरा हात

आधीच सांगून ठेवते... या हकिकतीत अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढऱ्या साडीतली बाईसुद्धा नाही.

जे झालं ते भरदुपारी झालं. तीन वाजता. लख्ख ऊन पडलेलं आणि पडवीचं दार सताड उघडं.

आणि ते खरं आहे. ज्या सारामावशीच्या बाबतीत हे घडलं, ती माझ्या आईची बालमैत्रीण. तिच्या तोंडून मी ही गोष्ट दोनदा ऐकली आणि दोन्ही वेळा एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही. शिवाय यात तिचीच अब्रू जाते. स्वतःची अब्रू घालवणारी खोटी गोष्ट कोण रचेल, तुम्हीच सांगा.

साल १९९४. नेवासा तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, कारण ते घर अजून तिथंच आहे आणि ते जातंही अजून वापरात आहे.

आता आधी जात्याचं सांगायला हवं.

सारामावशीची सासू रंगुबाई. तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर, पण भांडीकुंडी त्याहून जुनी. म्हातारी मोठी खमकी. दोन्ही मुलांच्या चुली वेगळ्या झाल्या, तेव्हा तिनं स्वतः ओट्यावर बसून वाटणी केली. तांब्याचं घंगाळ थोरल्या सुनेला, म्हणजे हेलनला. पितळी परात धाकटीला, साराला. पाटा हिला, खलबत्ता तिला. असं सगळं वाटलं आणि शेवटी राहिलं जातं.

जातं तिनं दोघींना दिलं. वरची तळी हेलनला, खालची साराला.

सगळे हसले. नुसत्या खालच्या तळीचं करायचं काय, लोणच्यावर ठेवायची? म्हातारी हसली नाही.

"दळायचं असंल तर दोघी एकत्र या," म्हणाली. "न्हाईतर बसा उपाशी."

घरं भिंतीला भिंत लागून. हेलन आपली तळी उचलून साराच्या पडवीत आणायची, खालच्या तळीवर बसवायची आणि दोघी समोरासमोर बसायच्या. खुंटा एक, हात दोघींचे. ज्या बायकांनी दळलंय त्यांना ठाऊक आहे, एकटीनं ओढलं की खांदा निखळायची वेळ येते. समोरून दुसरा हात लागला की तेच जातं गरगर फिरतं.

गावात गिरणी होती. पण गिरणीत गव्हावर भाजणी दळली की चकलीचा सत्यानाश. म्हणून नाताळच्या फराळाची भाजणी याच जात्यावर. सासू गेली, हेलनचा नवरा गेला, तरी वीस वर्षांत एकही नाताळ चुकला नाही.

१९९३चा चुकला.

कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. हेलननं साराची परात नेली होती. परत आली तेव्हा तिला पोचा पडलेला. बस्स, एवढंच. साराला पोच्याचा राग आला, हेलनला त्या रागाचा राग आला आणि बोलणं बंद झालं. आठ दिवस दोघी एकमेकींसमोरून तोंडं फिरवून जात होत्या.

नवव्या दिवशी दुपारी हेलन आपणहून आली. तळी उचलून.

सारा आत खाटेवर पडली होती. दाराला कडी. ओट्यावर दगड टेकवल्याचा आवाज तिनं ओळखला.

मग हाक आली. "सारे, दार उघड गं. भाजणी राह्यलीय."

सारा उठली नाही.

दुसरी हाक आली. सारानं कूस बदलली. मनात म्हणाली, बसू दे जरा ताटकळत, मीच का दर वेळी नमतं घ्यायचं?

तिसरी हाक बारीक होती. "सारे... लई कसंतरी हुतंय गं."

सारानं ती ऐकली. नीट ऐकली. आणि ढोंग समजून पडून राहिली.

त्यानंतर काहीच आवाज आला नाही...

पाऊण तासानं तिनं कडी काढली. हेलन भिंतीला टेकून बसली होती. एक पाय पसरलेला, हात तळीवर, मान खांद्यावर कललेली. अंग गार पडायला लागलं होतं.

आता ऐका, खरं पाप इथून पुढं आहे. सारानं आरडाओरडा केला नाही. तिनं दार पुन्हा लावलं, मागच्या दारानं बाहेर पडली, चर्चला वळसा घातला आणि झाडू घेऊन पुढच्या रस्त्यानं आली. मग किंचाळली. मी चर्च झाडायला गेल्ते, असं तिनं लोकांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. अर्धा तास आधी कुणाचं लक्ष गेलं असतं तर काही करता आलं असतं.

नवऱ्याला, डेव्हिडगुरुजींना, तिनं तेच सांगितलं. चर्चच्या पाळकसाहेबांनाही तेच. आणि जयमालालाही तेच.

जयमाला म्हणजे हेलनची एकुलती एक मुलगी. नगरला नर्स होती. मातीच्या दिवशी ती साराच्या मांडीत डोकं खुपसून रडली आणि म्हणाली, "काकू, तू घरी असतीस तर माझी आई वाचली असती."

बिचारी सहज बोलून गेली. पण त्या दिवसापासून सारामावशीच्या घशाखाली घास उतरेना. चर्चमध्ये बसली की नजर वर होईना. दहा वेळा ठरवलं, जयमालाला सगळं सांगून मोकळं व्हायचं. दहाही वेळा जीभ टाळूला चिकटली.

वरची तळी साराच्याच घरात राहिली. ती नेऊन कुठं ठेवणार, हेलनच्या घराला तर कुलूप. सारानं तिच्यावर गोणपाट टाकून ठेवलं आणि वर्षभर तिकडं पाहिलं नाही.

पुढच्या डिसेंबरात जयमालाचं पत्र आलं. नाताळाला येते आहे, गुरुवारी पोचेन. काकू, आईच्या जात्यावरच भाजणी कर, जातं असं पडून राहायला नको.

आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

मंगळवार, २० डिसेंबर. डेव्हिडगुरुजी शाळेत गेलेले. घरात चिटपाखरू नाही. सारानं गोणपाट काढलं, तळी बसवली, भाजणीची मूठ टाकली. एकटीनं ओढायचं म्हणून दात आवळले आणि खुंट्याला हात घातला...

जातं फिरलं. अलगद.

तिला वाटलं, दाणे खाली उतरलेच नसतील. वाकून पाहिलं. पीठ पडत होतं. चांगलं बारीक, दोघी दळायच्या तसं.

तिनं हात ढिला सोडला...

जातं फिरतच राहिलं. एक फेरा. दुसरा. मग सावकाश थांबलं. पुढची मूठ टाकायला समोरची थांबते ना, तसं.

सारानं मूठ टाकली. काय करणार? न टाकण्याची हिंमत नव्हती. डबा एरवीच्या निम्म्या वेळात भरला. रात्री तिनं स्वतःची समजूत घातली की दगड झिजला असेल.

बुधवारी दुसरा डबा. दळताना सारा आपल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सारायची, म्हणजे वाजत नाहीत. हेलन कधी सारायची नाही, नवरा गेल्यावरही तिच्या बांगड्या वाजतच असायच्या. त्या दिवशीही सारानं आपल्या सारल्या.

तरी किणकिण आली...

प्रत्येक फेऱ्याला. खुंटा तिच्यापासून लांब, पलीकडच्या बाजूला गेला, की तेव्हाच.

तिनं मान वर केली नाही. पीठ संपवलं, डबा बाजूला केला, झाडू घेतला आणि मग तिचं लक्ष जमिनीकडे गेलं.

पिठाची भुकटी सगळीकडे बसली होती. उंबऱ्यावर, कोनाड्यात, तिच्या लुगड्यावर. फक्त समोरच्या बाजूला एक जागा साफ होती. एका बाईच्या बैठकीएवढी. आणि त्या जागेतून एक लांबट पट्टा बाहेर निघालेला, तोही साफ.

हेलनला एक पाय पसरून दळायची सवय होती...

संध्याकाळी तिनं गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले, आपल्यात असलं काही मानत नाहीत, वाऱ्यानं पीठ उडालं असेल. मग त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. सारानंही डोळे मिटले, पण तिच्या तोंडून आमेन निघालं नाही.

मला ती म्हणाली, "भ्या वाटलं न्हाई गं. लाज वाटली. तिनं माझा गळा धरला असता तर सुटले असते मी. ती तर मला हात लावू लागली हुती."

गुरुवारी दुपारच्या एसटीनं जयमाला आली. हातपाय धुतले, चहा घेतला आणि थेट पडवीत. तिसरा डबा दळायचा राहिला होता. सारानं लाख सांगितलं की दमून आलीयस, पड जरा. ऐकेल तर शप्पथ. आईच्या जागेवर बसते म्हणाली आणि बसलीसुद्धा.

सारा समोर. पडवीत ऊन आलेलं. घड्याळात तीनचे टोल पडले.

जयमालानं खुंटा धरला. सारा भाजणीच्या टोपलीत दोन्ही हात घालून बसून राहिली. खुंट्याकडे हात नेण्याची छाती होईना.

आणि जातं फिरायला लागलं.

जयमाला हसत होती. नगरच्या गप्पा सांगत होती, ड्यूटीच्या, मेट्रनच्या. नजर पिठाकडे. जातं गरगर चाललेलं. सारा मूठ टाकत होती आणि पुन्हा दोन्ही हात टोपलीत लपवत होती.

मग जयमाला बोलता बोलता थांबली...

"काकू, तुझा हात किती गार पडलाय गं."

सारानं टोपलीतले हात आणखी आत खुपसले.

"आणि हे बोट... हे बोट तुझं असं वाकडं कधीपासून?"

हेलनची करंगळी वाकडी होती. लहानपणी उखळात चेंगरलेली.

जयमालानं मान वर केली. तिनं टोपलीकडे पाहिलं. टोपलीत साराचे दोन हात होते. दोन्ही.

जातं फिरतच होतं.

तुमची-माझी बोबडी वळली असती. पण जयमालानं हात काढला नाही. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग, सारामावशी शपथेवर सांगते, तो हळूहळू निवत गेला. तिनं डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. खुंट्यावरची तिची बोटं अशी मिटलेली, जणू मधे काहीतरी धरलंय.

साराला ते पाहवेना. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा त्या क्षणी तिला पेलवेना. तिला वाटलं, हेलन याचसाठी आलीय. मी बोलावं म्हणूनच आलीय. आता नाही बोलले तर कधीच बोलणं होणार नाही.

"जयमाला, मी घरातच हुते," ती म्हणाली. "त्या दिवशी. कडी लावून आत पडले हुते. तिनं तीनदा हाक मारली. मी ऐकली आणि उठले न्हाई."

जातं थांबलं...

पुढची मूठ मागायला थांबतं तसं नाही. एकदम, खट्‌कन. अर्ध्या फेऱ्यात.

जयमालानं डोळे उघडले. आधी तिनं खुंट्याकडे पाहिलं. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. खुंट्यावर इकडून तिकडं चाचपून पाहिलं. मग दुसरा हात लावला आणि जातं ओढायला लागली. जातं जागचं हलेना. ती ओढत होती, दम लागेपर्यंत ओढत होती.

सारा तिच्या पाया पडायला पुढं सरकली. मला शिव्या दे म्हणाली, सगळ्या गावाला सांग, पाळकसाहेबांना सांग.

जयमालानं शिव्या दिल्या नाहीत. तिनं खुंट्यावरचे दोन्ही हात काढून घेतले. मग बोलली ते अगदी हळू.

"आईचा हात होता, काकू. माझ्या हातात होता." तिचा आवाज फाटला. "एक वर्ष गप्प बसलीस ना? मग अजून थोडं बसली असतीस."

ती नाताळाला थांबली नाही. संध्याकाळच्या एसटीनं नगरला गेली. सारामावशीनं रविवारी चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर उभं राहून कबुली दिली. कुणी तोंडावर बोललं नाही, मागून बोलले. ते होणारच होतं.

याला आता बरीच वर्षं झाली. काहीजण म्हणतात, खरं ऐकून हेलन सुटली. काहीजण म्हणतात, खरं ऐकून रुसली. मला विचाराल तर मला काही कळत नाही. तिला तर सगळं आधीच माहीत होतं की... दाराबाहेर तीच बसली होती. मग कबुली ऐकल्यावर ती गेली कशाला? आणि माहीत असूनही ती मदतीला आली कशाला?

सारामावशी अजून त्या जात्यावर डाळ भरडते, एकटी. खांदा कायमचा दुखतो. गुरुजींनी मिक्सर आणून दिलाय, तो कोनाड्यात आहे.

जयमाला दोन वर्षं आली नाही. तिसऱ्या वर्षी आली. तेव्हापासून दर नाताळाच्या आधी येते, काही न बोलता आईच्या जागेवर बसते आणि खुंटा धरते. सारा समोर बसते आणि मूठ टाकते. जातं दगडासारखं जड चालतं. तीन डबे दळायला दोन दिवस लागतात.

एका वर्षी मी तिथं होते. दळण चालू असताना मी सहज विचारलं, चहा टाकू का?

दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. सारामावशीनं ओठांवर बोट ठेवलं आणि मला खुणेनं बाहेर जायला सांगितलं.