सात उलट्या काड्या

कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या परीक्षेत, द्राक्षाची कलमं बांधायला सरांनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या आणि वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीच्या वाट्याला आला लंबू. चार वर्षं एका वर्गात काढूनही दोघांत कधी धड बोलणं झालं नव्हतं.

जोडीनं खुंटांत काड्या खोचून वीस कलमं बांधायची, गुण दोघांना सारखेच. तिला ते पैकीच्या पैकी हवे होते, कारण महाविद्यालयाच्या रोपवाटिकेतली एकुलती एक नोकरी पहिल्या नंबराला मिळणार होती. "माती कालवायला डिग्री कशाला लागते गं?" असं येता-जाता विचारणाऱ्या आत्याचं तोंड तिला एकदाचं बंद करायचं होतं.

आपली दहा कलमं झटपट बांधून तिनं लंबूच्या टेबलाकडे पाहिलं.

"अरे, या काड्यांचे कोंब जमिनीकडे बघतायत."

"अं?... हो की."

"सात काड्या उलट्या खोचल्यास. पहिल्या तीनच तेवढ्या सरळ कशा?"

लंबूचे कान लाल झाले. "तेव्हा तू आली नव्हतीस. मग समोर येऊन बसलीस... आणि वरची बाजू कुठली, तेच सुचेना."

तिला रागवायचं होतं. अगदी मनापासून रागवायचं होतं. पण हसू आवरेना, आणि हा ताडमाड वेंधळा आपल्याला चक्क आवडतोय, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

तेवढ्यात सर येऊन उभे राहिले. "ही करामत कुणाची?"

"आमची," ती बोलून गेली. नोकरी हातची जाणार, हे दिसत असूनही.

"माझी एकट्याची, सर," लंबू घाईघाईनं म्हणाला. "तिचे गुण वेगळे धरा. मला खुशाल नापास करा."

सरांनी चष्म्यावरून दोघांना न्याहाळलं. "नोकरी तिची. तुझी परीक्षा सोमवारी पुन्हा. वीसच्या वीस, एकट्यानं."

सर गेले. नापास होऊन इतका खूश झालेला माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

"सोमवारी मी येणार आहे," ती म्हणाली.

"नको गं, पुन्हा नापास होईन."

"पाठीमागे बसेन. विसावी काडी सरळ बसली की समोर येईन."

"आणि मग... किती वेळ बसशील?"

"तू ऊठ म्हणेपर्यंत."

"मी नाही म्हणणार," लंबू म्हणाला.