यादीत नसलेला प्रेक्षक

शेवटचे दोन आकडे उलटे दाबले गेले, एवढीच माझी चूक. एकोणसाठच्या जागी पंचाण्णव.

पलीकडून आधी वारा ऐकू आला. नुसता वारा – सलग, जोराचा, मधूनच कशावर तरी आपटणारा. मग एक आवाज म्हणाला, "बोला."

"नमस्कार, टेबल नंबर चौदावरून बोलतेय. आम्ही प्रेक्षकांची मतं घेतोय. गेल्या रविवारी दुपारी टीव्हीवर नाताळचा सिनेमा लागला होता, त्याबद्दल बारा प्रश्न विचारायचे आहेत. वेळ आहे का?"

दिवसातून साठ वेळा हे वाक्य म्हणून माझी जीभ गुळगुळीत झाली होती.

"रविवारी दुपारी मी झोपलो होतो," तो म्हणाला. "चांगला होता का सिनेमा?"

तीन वर्षं मी लोकांची मतं गोळा करत होते. साबणाबद्दल, पंख्यांबद्दल, बातम्या देणाऱ्या बाईच्या केसांबद्दल. माझं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मत तुमचं हवंय," मी म्हटलं. "माझं नाही."

"मला तुमचं चालेल."

खरं तर इथेच आभार मानून फोन ठेवायचा असतो. पण दुपारचा एक वाजला होता, आमचं ऑफिस चपलांच्या दुकानाखालच्या तळघरात, खिडकी एकही नाही... आणि कानात तो वारा येत होता.

"शहरातली एक मोठी साहेबीण असते," मी हळूच म्हटलं. "ती बर्फातल्या एका गावात जाते. तिथे एक सुतार असतो, त्याचा कुत्रा असतो. चार दिवसांत दोघं प्रेमात पडतात आणि शेवटी मिठी मारली रे मारली की बर्फ पडायला लागतो."

"म्हणजे बर्फ त्यांच्या मिठीची वाट बघत थांबलेला?"

मला हसू आलं. ते तोंडावर हात ठेवून दाबलं.

"तुम्ही खोलातून बोलताय," तो म्हणाला. "विहिरीतून बोलल्यासारखं."

"तळघरात बसते मी. आणि तुम्ही? गाडीवर आहात का? वारा येतोय."

"क्रेन चालवतो. सतरा मजल्यांची इमारत आहे, तिच्याही वर माझी केबिन. खाली उतरायला वीस मिनिटं लागतात, म्हणून डबा इथेच खातो." मग म्हणाला, "परत कधी आहे हा सिनेमा?"

"बुधवारी... संध्याकाळी सात."

"मग गुरुवारी एक वाजता विचारा."

फॉर्मवर 'पुन्हा फोन करावा' असा एक रकाना असतो. मी त्यावर खूण केली. खूण करताना पेन जरा जास्तच दाबलं गेलं.

*

त्या आठवड्यात मी दोनशेच्या वर मतं लिहून घेतली. एका काकूंना खूप रडू आलं होतं, पण कशासाठी ते आठवत नव्हतं. एका निवृत्त मास्तरांनी नायिकेचे कोट मोजले होते, चार दिवसांत अकरा. एका गृहस्थांनी पाचपैकी पाच गुण दिले आणि 'हे कुत्र्याचे आहेत, सिनेमाचे नव्हेत' असं बजावून फोन ठेवला. मी सगळं इमानेइतबारे लिहिलं.

गुरुवारी बाराला पाच कमी असल्यापासून मी घड्याळाकडे बघत होते. बरोबर एक वाजता, आधी लावलेल्या नंबरांतून त्याचा नंबर शोधून बटण दाबलं. हाताने लावायचा धीर झाला नाही... पुन्हा चुकले असते तर?

"पाहिला," तो म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आम्ही चौघं एका खोलीत राहतो. चौघांनी पाहिला. वेल्डर रडला."

"आणि तुम्ही?"

"हा पहिला प्रश्न आहे का?"

"नाही," मी म्हटलं. माझे कान गरम झाले होते. "पहिला प्रश्न – सिनेमातलं गाव आवडलं का?"

"गाव बरं आहे. पण कुणी वर बघतच नाही त्या गावात. एवढे डोंगर आहेत, एवढं आभाळ आहे. सगळे आपले एकमेकांच्या तोंडाकडे बघतात."

"तुम्हाला वरून काय दिसतं?"

हाही प्रश्न फॉर्मवर नव्हता.

तो म्हणाला, "पाऊस चालत येताना पाहिलाय कधी? आधी पूल भिजतो. बाजार कोरडा असतो. मग बाजार भिजतो, माणसं पळतात, आणि पलीकडच्या गल्लीत बायका अजून निवांत कपडे वाळत घालत असतात. मला दिसत असतं, आता यांची पाळी. पण सांगणार कसं?"

मी डोळे मिटले. समोरची पिवळट भिंत, तिच्यावरची सूचनांची पाटी, सगळं गेलं. पूल दिसला. बाजार दिसला. तीन वर्षं जमिनीखाली बसून मी या शहराशी बोलत होते आणि ते असं ओळीने भिजतं हे मला ठाऊकच नव्हतं.

"ऐकताय ना, चौदा नंबर?" तो म्हणाला. माझ्या टेबलाचा नंबर मीच सुरुवातीला सांगितला होता, तो त्याने लक्षात ठेवला होता.

"ऐकतेय," मी म्हटलं. "मला तेवढंच येतं. समोरचा माणूस बसलाय की उभा, घरात एकटा आहे की नाही, ते आवाजावरून कळतं मला."

"मग सांगा, मी आत्ता काय करतोय?"

"हसताय... पण ओठ मिटून."

पलीकडे नुसता वारा. मग अगदी खालच्या आवाजात, "बरोबर आहे," असं उत्तर आलं.

त्या दिवशी चारच प्रश्न झाले. शुक्रवारी चार आणि शनिवारी तीन. रोज एक वाजता. शुक्रवारी त्याने समोरच्या गच्चीवरच्या आजोबांची गोष्ट सांगितली. ते रोज दोन खुर्च्या आणतात, एकीवर बसतात, दुसरी रिकामी. "काल दुसरीवर एक आजी येऊन बसल्या," तो म्हणाला. "मी क्रेनने भिंतीच्या साच्याचा पत्रा उचलला होता, तो तसाच हवेत थांबवला. खालून मला इशारे देणारा सिग्नलवाला ओरडतोय, क्रेन बिघडली का म्हणून. त्याला काय सांगू?"

अकरावा प्रश्न होता: नायक-नायिकेचं प्रेम खरं वाटलं का?

"नाही," तो म्हणाला. "चार दिवस कमी पडले असं नाही. पण तो तिला एकदाही विचारत नाही, की बाई, तू दिवसभर काय बघतेस, काय ऐकतेस. न विचारता कसं कळतं त्यांना?"

मी लिहिलं: नाही. पुढच्या रेघेवर सगळं उत्तर मावेना, म्हणून कागद उलटून मागे लिहिलं.

"बारावा उद्या ठेवू या का?" त्याने विचारलं.

"उद्या रविवार आहे."

"मग सोमवारी. एक तरी शिल्लक असू दे... नाहीतर तुम्ही फोन कशाला कराल?"

*

सोमवारी सकाळी मॅडमनी बोलावलं. आमच्या मॅडम म्हणजे तोंडाने कमी आणि चष्म्याने जास्त बोलणाऱ्या. त्यांच्यापुढे माझा फॉर्म होता आणि कानाला लावायचा हेडफोन.

"सगळे फोन रेकॉर्ड होतात, माहीत आहे ना?"

"हो."

"प्रेक्षकाशी खासगी संबंध ठेवला तर नोकरी जाते, हेही माहीत आहे?"

"हो." घरी मी, आई आणि शिकणारी धाकटी बहीण. नोकरी गेली तर आईला काय सांगायचं, ते वाक्य मी मनात जुळवायला लागले. पण मधेच वारा आठवत होता आणि वाक्य मोडत होतं.

मॅडमनी यादीवर बोट ठेवलं. "तुम्हाला दिलेला नंबर एकोणसाठने संपतो. लावलाय पंचाण्णव. हा माणूस यादीत नाही. फॉर्म बाद."

"त्यांची उत्तरं खरी आहेत, मॅडम," मी म्हटलं. स्वतःची बाजू मांडायची सोडून मी त्याची मांडत होते. "सगळ्यांत खरी आहेत."

"ऐकली मी." त्यांनी चष्मा काढला. तीन वर्षांत प्रथमच मी त्यांचे डोळे पाहिले. दमलेले, आणि बरेच मऊ. "शुक्रवारची दोनदा ऐकली. पण बाद म्हणजे बाद. आणि नियम आहे तो प्रेक्षकांसाठी. हे गृहस्थ आपले प्रेक्षकच नाहीत." त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. "ऑफिसच्या फोनवरून पुन्हा नाही. हा कागद रद्दीत टाका नाहीतर घरी न्या. मी बघत बसणार नाही."

जेवणाच्या सुट्टीत जिना चढून रस्त्यावर गेले, चपलांच्या दुकानाच्या कडेला उभी राहिले आणि स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. एकेक आकडा बघून, सावकाश.

"बारावा प्रश्न रद्द झाला," मी म्हटलं. "सगळेच झाले. तुम्ही यादीत नव्हताच."

मी काय झालं ते सांगितलं. तो ऐकत राहिला.

"मग हा फोन कुणाचा आहे?" त्याने विचारलं.

"माझा."

रस्त्यावरच्या गाड्या माझ्या बाजूला, वारा त्याच्या बाजूला.

"मलाही सांगायचंय," तो म्हणाला. "काम संपलं. पुढच्या सोमवारपासून क्रेन उतरवणार. मग दुसरं गाव, इथून आठ तास." त्याचा श्वास ऐकू आला. "चार दिवस झाले, पहाटे धुकं येतंय. मला ते सांगता येत नाही, चौदा नंबर. रविवारी सकाळी सातला इथे या. इंजिनिअर साहेबांना विचारलंय मी. नाही म्हणाले नाहीत."

रविवारी निघताना आईने विचारलं, "कोण आहे?"

"क्रेन चालवतो."

"उंच आहे?"

"अजून पाहिला नाही."

आईने माझ्याकडे बघितलं, मग मफलर आणून माझ्या गळ्यात गुंडाळला. "परत आल्यावर खरं ते सांग," एवढंच म्हणाली.

*

तो उंच नव्हता. माझ्याएवढाच, चष्मा लावणारा, हातात दोन हेल्मेट घेऊन धुक्यात उभा. फोनवर एवढं बोलणारा माणूस समोर आल्यावर हेल्मेटचा पट्टाच नीट करत राहिला. मीही काही कमी नव्हते. जिभेवर तीन वर्षांचे नमस्कार होते, पण एक फुटेल तर शपथ.

बांधकामाची जाळीची लिफ्ट खडखडत वर निघाली. धुकं इतकं दाट, की त्याचा चेहराही पुसट दिसत होता. दहावा मजला... चौदावा... आणि एकाएकी लिफ्ट उजेडात शिरली.

मी गजाला धरलं.

शहर नव्हतं. जिथे मी जन्मले, जिथले सगळे आवाज मला पाठ आहेत, ते शहर नव्हतंच. सगळीकडे पांढरं – सपाट, शांत, सूर्याने नुकतंच गुलाबी केलेलं. त्यातून चार-दोन पाण्याच्या टाक्या आणि टीव्हीचा एक मनोरा वर आलेला, जणू कुणी विसरून गेलंय. कुठेच आवाज नाही. मी पहिल्यांदाच काहीही ऐकत नव्हते. नुसती बघत होते.

"रोज..." मी म्हटलं. "रोज हे बघता तुम्ही?"

"रोज नाही. आणि एकट्याने बघितलेलं बघितल्यासारखं वाटत नाही."

लिफ्ट थांबल्यावर त्याने मला वरच्या स्लॅबच्या दुसऱ्या बाजूला, कठड्याशी नेलं. सूर्य पाठीमागे आला. समोर धुक्यावर लांब सावल्या पडल्या होत्या, क्रेनची आणि आमची. माझ्या सावलीच्या डोक्याभोवती एक रंगीत कडं होतं. लाल, पिवळं, हिरवं, आत निळसर. मी मान हलवली. कडं माझ्याबरोबर हललं.

"माझ्या डोक्याभोवती..." मी म्हटलं. "कडं आहे."

"तुमच्या नाही, माझ्या," तो हळूच म्हणाला.

"नाही हो, माझ्याच. नीट बघा."

"मी नीटच बघतोय. प्रत्येकाला आपल्यापुरतंच दिसतं ते. मला माझं, तुम्हाला तुमचं. किती दिवस बघतोय मी, मला वाटायचं, दुसऱ्या कुणाला दाखवताच येणार नाही."

आम्ही एकमेकांपासून दोन हातांवर उभे होतो. मी एक पाऊल सरकले. मग आणखी एक. हेल्मेटला हेल्मेट टेकलं, टक् असा बारीक आवाज झाला. समोर दोन डोकी होती आणि त्यांच्याभोवती एकच कडं.

"आता?" मी विचारलं.

"आता दोघांच्या," तो म्हणाला. "तुला... तसंच दिसतंय?"

तुला. त्यालाही ते कळलं. त्याने जीभ चावली, पण मागे घेतलं नाही.

"तसंच," मी म्हटलं. "तू हसतोयस. या वेळी ओठ उघडून."

तो म्हणाला, "आठ तास लांब आहे ते गाव. महिन्यातून दोन रविवार मिळतात. मी येईन. तुला चालणार असेल तर कायमचंच विचारायचंय मला... पण मला सिनेमातल्यासारखं बोलता येत नाही."

"सिनेमातल्यासारखं बोललास तर मी पाचपैकी एक देईन."

"आणि असं बोललो तर?"

मी त्याचा हात धरला. लोखंड धरून धरून खरखरीत झालेला, गार, आणि किंचित कापणारा. इतक्या उंचावर ज्याचा हात कधी कापला नसेल, तो माझ्या हातात कापत होता, याचंच मला नवल वाटत राहिलं.

ऊन वर आलं तसं धुकं विरायला लागलं. कडं फिकं झालं, गेलं. खालून आधी एक हॉर्न ऐकू आला, मग कुणाचं तरी शटर, मग रस्ते, गच्च्या, माणसं.

"चल," मी म्हटलं. "आई घरी वाट बघतेय. तुला बघायचंय तिला."

तो जागच्या जागी थांबला. "आजच?"

"का? घाबरलास?"

"उंचावर काही वाटत नाही मला," तो म्हणाला. "खाली गेल्यावर..."

"खाली माझा मुलूख आहे," मी म्हटलं, आणि त्याला लिफ्टकडे ओढलं.