मक्केच्या माथ्यावरचा सूर्य

इद्रिसने आपलं तट्टू ज्या काठीला बांधलं, ती काठी तट्टू बांधायची नव्हती.

पण त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! कल्याणहून निघून, घाट चढून, घामाने निथळत तो जव्हारला पोचला होता. गावाबाहेरच्या माळावर एक सरळसोट काठी रोवलेली दिसली. शेजारी करवंदीची जाळी, ती काळ्याभोर करवंदांनी लगडलेली... त्याने लगाम काठीला गुंडाळला आणि मूठभर करवंदं तोंडात टाकली.

"अहो! सोडा ते आधी! सोडा म्हणते ना!"

तो दचकून वळला. जांभळी ओढणी सावरत एक मुलगी तरातरा त्याच्याकडेच येत होती. मागून डोक्यावर दगडांची पाटी घेतलेली एक बाई हसत हसत येत होती. तोवर तट्टूने मान झटकली आणि काठी कलंडली.

"मोडलीत माझी सावली!" मुलगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

"तुमची सावली तर तुमच्या पायाशीच आहे की."

"काठीची सावली! सकाळपासून खडे मांडत बसलेय मी." खरंच, काठीभोवती पांढऱ्या खड्यांची एक वाकडी ओळ होती.

"माफ करा हं. मला वाटलं, कुणाची बकरी बांधायची काठी आहे."

"मग बरोबरच आहे. बकरा आत्ताच तर आला."

पाटीवाली धोंडीबाई अशी खदखदून हसली की पाटीतला एक दगड खाली पडला. इद्रिसही हसला. त्याचे दात करवंदांनी जांभळे झाले होते. ते पाहून मैमुनाला राग धरून ठेवणं भलतंच जड गेलं.

मैमुना म्हणजे जव्हारच्या खतीबांची लेक. तिचे बावा, गनीमिया खतीब, दर जुम्म्याला मशिदीत खुतबा वाचत. पण मैमुना घडली ती आजाच्या हाताखाली. आजाकडे पितळेची एक गोल चकती होती, उस्तुरलाब म्हणत तिला. तिच्यावर तारे कोरलेले, शहरं कोरलेली. ती हातात धरून सूर्याची उंची मापली की दिवसाची वेळ सांगता येई. आजाला नातू नव्हता. "इल्मला दाढी लागत नाही," असं म्हणत त्याने ती विद्या नातीच्या हवाली केली. बगदादच्या, समरकंदच्या वेधशाळांच्या गोष्टी सांगत सांगत शिकवली आणि मागच्या वर्षी डोळे मिटले.

इद्रिस मुकरी कल्याणचा घड्याळजी. दरबारचं मोठं घड्याळ बंद पडलं होतं, ते सुरू करायला संस्थानाने त्याला बोलावलं होतं. काम तसं चार दिवसांचं. पण घड्याळजीबोवांना रोज दुपारी माळावर फेरी मारल्याशिवाय चैन पडेना. धोंडीबाई तिथे ईदगाहच्या नव्या भिंतीसाठी दगड वाहत होती. तिच्या सोबतीने मैमुना यायची. मग काय, दगड एका बाजूला आणि गप्पा दुसऱ्या!

"खतीबांच्या लेकी, हे खिशातलं घड्याळ असताना काठीचा खटाटोप कशाला?"

"तुमच्या घड्याळात कुठली वेळ आहे?"

"रेल्वेची."

"जव्हारला रेल्वे येते?"

"...नाही."

"मग? जव्हारची दुपार जव्हारचा सूर्य ठरवणार, घड्याळजी. तुमचं कल्याणचं टेसन नाही."

इद्रिस तिथल्याच एका दगडावर बसला. कान टवकारून, आणखी ऐकायला तयार. मैमुनाच्या लक्षात आलं... आणि ओढणीचं टोक उगाचच बोटाला गुंडाळलं गेलं.

"एक सांगू?" ती हळूच म्हणाली. "ईदगाहची भिंत चुकतेय."

मग तिने सगळं सांगितलं. जव्हारकर मुसलमान मक्का पश्चिमेला धरत, आणि पश्चिम म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू. बावांनी ऐन थंडीत सूर्य मावळताना दोरी ताणून खुंट्या ठोकल्या होत्या. पण थंडीत सूर्य दक्षिणेला सरकून मावळतो! भिंत तशीच उभी राहिली तर गाव पिढ्यान्‌पिढ्या काब्याकडे नव्हे, भलतीकडेच तोंड करून नमाज पढणार. जव्हारकर शाफई पंथाचे, त्यांच्यात 'साधारण त्या बाजूला' चालत नाही, नेमका काबाच धरावा लागतो.

"बावांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, आजाने लाडावून ठेवलंय. सिद्ध कर चारचौघांसमोर, नाहीतर तोंड मीट. उद्या सिद्ध करायचंय, परवा पाया भरणार." तिने बावांच्या खुंट्यांकडे पाहिलं. "चुकले तर खतीबांच्या घराचं नाक कापलं जाईल. आणि आजाच्या विद्येला गाव जन्मभर हसेल."

"उद्याच का?"

"उद्या सूर्य मक्केच्या बरोबर माथ्यावर येतो. तिथे भरदुपार होईल तेव्हा इथे दुपार कलून दोन तास आणि वर थोडी मिनिटं झालेली असतात. ती मिनिटं आजाने काढून ठेवलीत. त्या क्षणी आपण सूर्याकडे तोंड केलं की मक्केकडेच केलं! वर्षात असे दोनच दिवस येतात. दुसरा आषाढात, तेव्हा इथे सूर्य कुठला दिसायला? पण माझी चकती गावात कुणाला वाचता येत नाही. त्यांना वाटेल, पोरीने मनचं सांगितलं."

इद्रिसने खिशातून घड्याळ काढलं.

"हे मी वाचून दाखवतो. रेल्वेची वेळ गेली खड्ड्यात. दुपार तुमची काठी सांगेल, तिथून पुढची मिनिटं माझं घड्याळ मोजेल. चालेल?"

तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी माळावर अख्खी जमात लोटली. हिंदू शेजारीही आले, दगड वाहणारी माणसं आली. गनीमिया हाताची घडी घालून, ओठ आवळून उभे होते. मैमुनाने काठी बावांच्या दोरीच्या टोकाशी रोवली होती, तिथेच ती बसली. सावली आखडत आखडत काठीच्या पायाशी गोळा झाली आणि बघता बघता पश्चिमेची पूर्वेला वळली.

"दुपार!" मैमुना म्हणाली. इद्रिसने काटे बारावर आणले.

पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला समुद्राकडून ढग चढू लागले. उन्हाळा सरत आला की जव्हारला दुपारी आभाळ भरतंच, त्यात नवल नाही; पण आजच? मैमुनाचा जीव टांगणीला लागला. एक मोठा काळा ढग सूर्याकडे सरकत होता, आणि वेळ व्हायला अजून बराच अवकाश होता.

तिने इद्रिसकडे पाहिलं. त्याने ढगाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सावली अजून होती, स्वच्छ, काळी. आत्ता तो 'झाली वेळ' म्हणाला असता तर कोण त्याला खोटं पाडणार होतं? घड्याळ त्याच्या मुठीत. गावाला सावली बावांच्या दोरीपासून लांब पडलेली दिसली असती, आणि मैमुना जिंकली असती.

मैमुनाने नाही म्हणून मान हलवली. अगदी एवढीशी. पण त्याआधीच त्याचे ओठ घट्ट मिटलेले तिने पाहिले होते.

ढगाने सूर्य गिळला. सावली गेली.

"झालं!" कुणीतरी म्हणालं. "आटपा आता."

"अजून वेळ झालेली नाही," इद्रिस शांतपणे म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण नजर काट्यावरून हलली नाही. "झाली की सांगेन. आधी नाही, नंतर नाही."

आणि खरं सांगते, मैमुना त्याच्या प्रेमात पडली ती नेमकी तेव्हा! करवंदांच्या दातांनी नव्हे, गोड गोड बोलण्याने नव्हे. तिच्यासाठीसुद्धा हा माणूस खोटं बोलला नाही, म्हणून. त्या क्षणी ती हरली असती तरी त्याचीच झाली असती.

लोक चुळबुळले. एक-दोघे निघालेसुद्धा. गनीमियांनी लेकीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत रागाऐवजी काळजी दिसली. धोंडीबाई आभाळाकडे बघून दात ओठ खात म्हणाली, "सरक ना रं मेल्या, सरक!"

कोण जाणे तिचं ऐकलं की काय, ढगाची कड फाटली. मातीवर एक फिकट सावली उमटली...

"वेळ झाली!" इद्रिस ओरडला.

मैमुनाने चुन्याची चिमूट सोडत सावलीच्या टोकापासून काठीपर्यंत रेघ ओढली. काठी ओलांडून तशीच सरळ पुढे नेली. रेघ संपेपर्यंत ऊन पुन्हा गेलं होतं.

पांढरी रेघ आणि बावांची दोरी. दोन्ही एकाच काठीपासून निघून दूर दूर जात होत्या. चांगली बैलगाडी जाईल एवढं अंतर पडलं होतं मध्ये. मैमुना उठून उभी राहिली.

"आत्ता सूर्य मक्केवर आहे. तिकडच्या माणसांची सावली आत्ता त्यांच्या पायाखाली आहे. जिथे सूर्य, तिथे काबा. यात माझं काही नाही. आपल्याच लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी हे शोधून ठेवलंय. आपण विसरलो, एवढंच."

गनीमिया पुढे आले, खाली वाकले, आणि स्वतः ठोकलेली पहिली खुंटी त्यांनी स्वतःच्या हाताने उपटली. मग दुसरी. मग तिसरी.

"माझ्या बापाने विद्या योग्य हातात दिली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मीच आंधळा. दगड आणा रे! या रेघेला काटकोनात पाया भरायचा!"

मैमुनाला वाटलं, आजा आत्ता असता तर अख्ख्या माळाला गूळ वाटला असता.

दरबारचं घड्याळ सुरू झालं. इद्रिस कल्याणला गेला, तो भात झोडून होताच आपल्या फुफूला, म्हणजे आत्याला, घेऊन परत आला, रीतसर मागणी घालायला. घड्याळाची देखभालही संस्थानाने त्याच्याकडेच सोपवली होती, त्यामुळे लेक लांब जाईल ही गनीमियांची भीतीही मिटली.

निकाहाच्या दिवशी बावा पडद्याशी आले. "मैमुना, हक्क तुझा. नवऱ्याकडून मेहेर काय मागतेस?"

"विद्या," पडद्याआडून आवाज आला. "त्यांनी मला घड्याळ उघडायला, दुरुस्त करायला आणि पुन्हा जोडायला शिकवायचं."

बाहेर कुजबूज झाली. अगं बाई, सोनं नाही? नाणं नाही? वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्याने तर नाक मुरडलं. हा कसला मेहेर!

गनीमियांनी जुम्म्याच्या खुतब्याचा आवाज लावला. "आम्ही शाफई. शिकवणं हा मेहेर आमच्यात चालतो. आणि ज्याला विद्या कमी वाटत असेल, त्याने माझ्या लेकीने आखलेली भिंत बघून यावी!"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. सगळ्यांच्या नजरा इद्रिसकडे वळल्या.

"कबूल," तो म्हणाला. मग मिशीत हसत पडद्याकडे वळला. "पण आधीच सांगतो... ही कला शिकायला जन्म जातो."

पडदा किंचित हलला.

"मग मला कुठं जायची घाई आहे?"