यादीबाहेरचे वासे

१९७९ चा ऑगस्ट असेल. शर्ट अंगाला चिकटून बसायचा, तो बहारीनचा ऑगस्ट. मी एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. कंपनीच्या जुन्या वसाहतीत काही लाकडी बंगले होते. कॅटलॉगमध्ये चित्र बघून टपालाने मागवलेले. वासे, दारं, अगदी खिळेसुद्धा पेट्यांतून जहाजाने आले आणि नंबर जुळवून इथे उभे राहिले. कोणता बंगला म्हणजे कॅटलॉगातलं कोणतं मॉडेल, ते मी ओळखायचं. ओळख पटली तर दुरुस्ती, नाहीतर बुलडोझर.

त्यातला सात नंबरचा दुरुस्त झाला की मला मिळणार होता. घर मिळालं की लीनाचा फॅमिली व्हिसा. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आम्ही एकत्र काढलेले दिवस एकोणतीस! अराद गावातल्या भाड्याच्या खोलीत चौघांच्या घोरण्यात मी तेच मोजत पडायचो.

बाहेरून घर चटकन ओळखू आलं. रुंद वळचणी, व्हरांड्याला खाली जाड आणि वर निमुळते चौकोनी खांब. हुबेहूब चित्रातलं. तरी वाशांच्या टोकांवरचे छापील नंबर यादीशी जुळवावे लागत.

गणपत सुतार माळ्यावर चढला. हा कुडाळचा, माझ्याच तालुक्यातला. तो वरून नंबर सांगणार, मी खालून ‘ओ’ देऊन खूण करणार, मग तो पुढचा सांगणार. आमची नेहमीची पद्धत.

“एकशे चार...”

“ओ.”

दुपारचे दोन वाजले होते. बाहेर पांढरं ऊन, आत धूळ आणि जुन्या राळेचा वास. मी यादीत मान घालून बसलो होतो. हळूहळू तो वास ताजा होत गेला, आत्ताच कुणी करवत चालवल्यासारखा. गणपतचा आवाजही एकसुरी झाला. दोनशे बाराला यादी संपली.

“दोनशे तेरा...”

“ओ,” मी म्हणून गेलो. सवय हो!

“दोनशे चौदा...”

“ओ... अरे गणपत, यादी खलास! काय वाचतोस?”

“काय झाला सायबानू?” गणपत व्हरांड्यातून आत आला. हातात पाण्याचा थर्मास. “मी पाणी आणूक गेल्लंय. एकशे साठीक उतरलंय, तुमका सांगलंय. तुमी मान हलवलात मा?”

वरून आवाज आला, “दोनशे पंधरा...”

गणपतने माझ्या तोंडावर हात दाबला. “किती येळा... किती येळा ओ दिलात?”

आमच्याकडे न दिसणाऱ्याच्या हाकेला कुणी ओ देत नाही. शेंबडं पोरही देत नाही. मी पन्नासहून जास्त वेळा दिली होती.

रस्त्यावर येऊन गणपत म्हणाला, “वहिनीक हय आणू नकात. पाडूक सांगा ह्या घर.”

मी सांगितलं नाही. आज लाज वाटते, पण मला लीना हवी होती. रिपोर्टात ‘ओळख पटली’ असं लिहून मी सही ठोकली.

लीना नोव्हेंबरात आली. घर तिला फार आवडलं. पडदे शिवले, व्हरांड्यात तुळस लावली. माझा जीव मात्र थाऱ्यावर नसायचा. महिन्याभराने एका संध्याकाळी ती जरा रुसूनच म्हणाली, “दुपारी घटकाभर बसत जा की. जेवता आणि लगेच निघता. एक शब्द बोलत नाही.”

माझी साइट लांब, सित्रा बेटावर. मी सकाळी डबा घेऊन निघतो तो अंधार पडताना परततो.

“मी... दुपारी?”

“पुरे हं थट्टा!” ती हसली.

मी स्वयंपाकघरात गेलो. सिंकमध्ये दोन ताटं होती. दोन्ही उष्टी.