जेवना हात

म्हसावदची ती शाळा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला दरवर्षी जायची आणि दरवर्षी उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन परत यायची. उत्तेजनार्थ म्हणजे रडणाऱ्या पोराच्या हातावर ठेवलेला गुळाचा खडा, असं विज्ञानाचे हेमकांत सर स्वतःच म्हणायचे आणि वर चिडायचेही. यंदा मात्र काही झालं तरी जिल्ह्याला, नंदुरबारला जायचंच, असा त्यांनी चंग बांधला होता.

अडचण होती ती आठवीच्या पोरांची. 'हृदय छातीच्या पोकळीत किंचित डावीकडे असते' हे वाक्य पोरं घडाघडा म्हणायची. पण हृदय दाखवा म्हटलं की कुणी पोटाला हात लावायचं, कुणी गळ्याला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी सरांनी खडू फेकला आणि वर्गातल्या फरशीवर खाकी कागद अंथरला. रंजिताला त्यावर उताणं झोपायला सांगितलं. तिची मैत्रीण ममता हिनं तिच्या अंगाभोवती मार्करनं रेघ ओढली. बाकीच्यांनी कार्डपेपरचे अवयव कापले: जांभळी फुप्फुसं, तपकिरी यकृत, लाल हृदय.

नरसाळ्याला सलाइनची नळी जोडून सरांनी ऐकायचं यंत्रही केलं होतं. ममतानं नरसाळं रंजिताच्या छातीवर धरलं आणि दुसऱ्या टोकाला सगळ्यांनी आळीपाळीनं कान लावला. सरांनीही लावला. ठोका डावीकडे होता, अगदी स्वच्छ.

एवढं ऐकूनही पोरांनी हृदय चिकटवलं ते नेमकं उलट्या बाजूला.

"चित्राचं डावं बघायचं, स्वतःचं नाही," सर ओरडले. "चित्राचं तोंड तुमच्याकडे आहे ना?"

"सर, उजवा म्हणजे जेवना हात ना?" रंजितानं विचारलं.

"हो, बाई. ज्या हातानं जेवतेस तो जेवना. हृदय त्याच्या उलट बाजूला. आता झोपेतही विसरायचं नाही."

सरांनी हृदय सोलून स्वतः योग्य जागी चिकटवलं आणि कागद भिंतीवर टांगला.

सकाळी येऊन बघतात तर हृदय पुन्हा चित्राच्या उजवीकडे. सरांचं डोकं तडकलं. कुणी केलं, म्हणून सगळ्या वर्गाला उभं केलं.

"आम्हीन हात नही लावा, सर," ममता म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या.

सरांनी हृदय काढून परत डावीकडे लावलं, फेव्हिकॉल जरा जास्तच थापून. शाळा सुटल्यावर खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून घरी नेली. सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. हृदय उजवीकडे होतं.

या वेळी त्यांनी कागदाला नाक लावून पाहिलं. डाव्या बाजूला डिंकाचा डाग नव्हता. कागद फाटला नव्हता, साधा खरवडलाही नव्हता. काल आपण तिथं काही लावलंच नव्हतं, असा तो कोरा होता. सरांना भीतीपेक्षा चीडच जास्त आली. प्रदर्शन तोंडावर आलेलं, आणि परीक्षकांनी उलट्या बाजूचं हृदय पाहिलं असतं तर उत्तेजनार्थही मिळालं नसतं.

त्यांनी शिपायाकडून दाभण आणि सुतळी मागवली. हृदय डावीकडे ठेवलं आणि गोणी शिवावी तसं चहूबाजूंनी कागदाला शिवून टाकलं. पुढच्या बाकावर रंजिता ओठ दाबून बसली होती. तिच्या कपाळावर घाम होता.

"पोटात दुखतंय का गं?"

"नही, सर," ती म्हणाली.

सकाळी हृदय डावीकडेच होतं. सर कित्येक दिवसांनी हसले.

शहाद्याला तालुक्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. कागदाशेजारी उभं राहून रंजितानं एकेक अवयव दाखवला, एकदाही अडखळली नाही. छडी तिनं डाव्या हातात धरली होती, हे सरांच्या लक्षात आलं. पण त्या आनंदात कोण विचारतं? जिल्ह्याचं प्रदर्शन सोमवारी होतं.

शनिवारी दुपारी रंजिताची आई भिकुबाई तिला घेऊन शाळेत आली. ती भांडायला आली नव्हती, म्हणूनच सरांना बसवेना.

"सर, तुम्हीन मन्ही पोरले काय करं?"

"का? काय झालं?"

"डाव्या हाते जेवी ऱ्हायनी. इचारं तं म्हने, हाऊच मन्हा जेवना शे."

"लागते कधी सवय, ताई. रागावू नका तिला."

भिकुबाईनं पोरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. रंजिताच्या नाकात चमकी होती, उजव्या बाजूला.

"हाई नाक मीनीच टोचेल शे. डाव्या बाजूले."

डावी नाकपुडी गुळगुळीत होती. बुजलेल्या भोकाची खूणही नव्हती.

सरांनी नरसाळं आणलं आणि भिकुबाईच्या हातात दिलं. तिनं ते पोरीच्या छातीवर डावीकडे ठेवलं. सरांनी नळी कानाला लावली.

काहीच नाही.

"दुसरीकडे धरा."

उजवीकडे ठोका होता. अगदी स्वच्छ.

"जशी व्हती तशी करी द्या," भिकुबाई म्हणाली.

सरांनी भिंतीवर परत टांगलेल्या कागदाकडे पाहिलं; आरशात दिसावं तसं त्यावरचं शिवलेलं हृदय पोरीच्या हृदयाच्या बरोबर समोर होतं. ते हृदय उसवलं, की कागदाला भोकं पडणार, सोमवार बुडणार. इतक्या वर्षांनी हाताशी आलेलं नंदुरबार. त्यांना सगळ्यांचाच राग आला: कागदाचा, पोरीचा, तिच्या आईचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. मग त्यांनी टेबलाच्या खणातून ब्लेड काढलं आणि कागदापाशी गेले.

ब्लेडचं टोक त्यांनी पहिल्या टाक्याखाली सरकवलं. सुतळी ताणली गेली.

मागं रंजितानं भिंत धरली.

"सर," ती म्हणाली, "दुखस. हयू."