फळीखालचे तीन ठोके

कंदील राहू दे, टूवा. आणि मेल्कर, झिंग्यांची सालं पाण्यात नको, ताटात टाक. एव्हर्टचं सांगतो. माझा शेजारी होता रे, अगदी सरळ माणूस. आयुष्यात थाप अशी एकदाच मारली त्यानं.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. पहिला शनिवार, मेलेल्यांच्या आठवणीचा. कबरींवर मेणबत्त्या लावून सगळं गाव घरी परतलेलं. एव्हर्ट दरवर्षी एक मेणबत्ती जास्त घ्यायचा आणि रात्री खाली, पाण्यावर उभ्या होडीघरात नेऊन लावायचा. कुणासाठी, ते बायकोलाही ठाऊक नव्हतं. त्या रात्रीही तो तेवढ्यासाठीच निघाला.

तरुणपणी हा पाणबुड्या हुडकणाऱ्या युद्धनौकेवर होता. कानाला यंत्र लावून पाण्याखालचे आवाज ऐकायचे, हे त्याचं काम. एकदा यानं "परकी पाणबुडी!" म्हणून ओरड केली, नौकेनं बाँब टाकले, आणि वर काय तरंगलं? हेरिंग माशांचा अख्खा कळप. मासे पादतात, त्याचे बुडबुडे यानं ऐकलेले. हसताय काय! नौकेवरही असेच हसले. आठवडाभर याच्या ताटात तळलेली हेरिंग वाढायचे, वर नाक दाबून म्हणायचे, "खा एव्हर्ट, पाणबुडी गरम आहे तोवर!"

पुढच्याच महिन्यात, आपल्या या खाडीच्या तोंडाशी, त्याला ठोके ऐकू आले. तीन. मग शांत. पुन्हा तीन. लोखंडावर लोखंड. मासा काही हातोडी मारत नाही. तळाशी पाणबुडी अडकलीय आणि आतली पोरं मदत मागतायत, हे त्याला पुरतं कळलं.

कप्तानानं विचारलं, "काय रे, पुन्हा पादले का?" सगळे खी खी हसले.

एव्हर्ट म्हणाला, "हो. हेरिंगच."

नौका वळली. ज्या देशाची ती पाणबुडी, त्यानं ती हरवल्याचं कधी कबूलच केलं नाही. मग शोधणार कोण? जाणणारा हा एकटा. जीव खात राहिलं ते त्याचा, चाळीस वर्षं.

तर त्या रात्री त्यानं होडीघराचं दार ओढून घेतलं. मेणबत्ती पेटवली. ठेवायला वाकला...

ठक. ठक. ठक.

फळ्यांखालून. होडी तर वर काढलेली. वाराही नव्हता.

ठक. ठक. ठक.

आता थेट पायाखाली. तो गुडघ्यांवर बसला. तोंड फळीला लावलं. चाळीस वर्षं न बोललेलं ते...

"माणसं आहेत!" तो ओरडला. "कप्तान, खाली माणसं आहेत!"

ठोके थांबले.

मेणबत्ती विझली...

उजाडताच त्यानं नाविक तळावर फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं. पलीकडे कुणी तरणा अधिकारी होता, स्वभावानं चांगला. म्हणाला, "आजोबा, नका हो मनाला लावून घेऊ. हेरिंगच असणार ते."

एव्हर्टनं फोन ठेवला. घर विकलं आणि समुद्र दिसणार नाही अशा गावी निघून गेला. जाताना होडीघरातली ती फळी उचकटून मला दिली. जाळायचा धीर झाला नाही म्हणाला. मी तिचा बाक केला.

हो. तुम्ही बसलाय तोच.

खालून हात फिरव, टूवा. खळगे लागले? किती?...

अख्खा उन्हाळा हा बाक इथे उन्हात पडलाय. आता हात बाहेर काढ. कंदिलापाशी धर...

कोरडा आहे का?