विमानाआधीची बुडी

"पोहायचे कपडे या बॅगेत, स्वेटर त्या! सरमिसळ केलीत तर मनालीच्या थंडीत चड्डीवर फिराल!" प्राचीने फर्मान सोडलं.

अंबरनाथच्या त्यांच्या घरात पसारा पडला होता. दिवाळीच्या सुट्टीत आधी अंदमानचा समुद्र, मग विमानाने दिल्ली आणि तिथून मनाली! प्राची, तिचा भाऊ उन्मेष आणि चुलतबहीण तेजस्वी स्नॉर्केलिंग करणार होते, तर बाबा स्कूबाची खोल बुडी मारणार होते.

"एक मिनिट!" तेजस्वीने टूरचा नवा कागद उचलला. "स्कूबा दुसऱ्या दिवशी होतं ना? आता पाचव्या दिवशी सकाळी दिलंय. त्याच दुपारी विमान!"

"मग काय? ओले केस घेऊन बसतील बाबा!" उन्मेष हसला.

पण प्राचीला चैन पडेना. तिने थेट अंदमानच्या स्कूबा केंद्राला फोन लावून बुडीची आणि विमानाची वेळ सांगितली. तिथले प्रशिक्षक सोमासर एकदम गंभीर झाले. "खोल पाण्यात नायट्रोजन शरीरात मुरतो. लगेच विमानात बसलं तर त्याचे रक्तात बुडबुडे होतात. जिवावर बेतू शकतं! निदान अठरा तास थांबायचं. आमच्या फॉर्मवरही लिहिलंय."

प्राचीने तो फॉर्म मोबाइलवर मागवून छापून घेतला. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "धर्मराजशेठनी इतक्या टूर काढल्यात. त्यांना कळत नसेल का?"

तिघं शेअर रिक्षाने उल्हासनगर कॅम्प तीनला धर्मराजशेठच्या ऑफिसात धडकली.

"टेन्शन नको रे बच्चे लोग! सब सेट है!" शेठ मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले.

प्राचीने फॉर्म पुढे केला. "काका, तुम्हीपण स्कूबा करणार ना? सही करा."

शेठनी झोकात सही ठोकली.

"म्हणजे पाचव्या दिवशी तुम्ही अंदमानातच राहणार?" उन्मेषने साळसूदपणे विचारलं.

"मी कशाला राहू?"

"मग हे वाचा ना!"

"'बुडीनंतर अठरा तास मी विमानप्रवास करणार नाही...'" शेठचा आवाज बारीक होत गेला. "अरे देवा! दुसऱ्या दिवशी खरेदी घुसवायला मीच बदललं हे. तेवीस माणसं नेतोय मी!"

त्यांनी तिथल्या तिथे केंद्राला फोन करून स्कूबा पुन्हा दुसऱ्या दिवशी घेतलं, आणि मग प्राचीच्या बाबांना फोन लावला.

"साहेब, माझी मोठी चूक झाली होती. तुमच्या पोरांनी पकडली. शाब्बास आहे त्यांची!"

घरी बाबा दारातच उभे होते. तिघांना जवळ घेत ते म्हणाले, "मी तुमचं ऐकायला हवं होतं. पाण्याखाली मी एकटा असेन, पण माझी काळजी घेणारे तीन पाणबुडे घरातच आहेत!"